चौदाव्या वचनातले पाच शब्द

ज्याला दिसत नाही अशा माणसाला तुम्ही कधी मुद्दाम चुकीचे वाचून दाखवले आहे का? लगेच ‘नाही’ म्हणू नका. हा प्रश्न मला कुणी चार वर्षांपूर्वी विचारला असता तर मीही चिडून नाही म्हटले असते, आणि वर त्याच्याविरुद्ध एक पत्रक काढले असते.

मी पत्रकांवरच वाढले. वडील युनियनचे. पत्रके भिंतीला डकवायची खळ आई चुलीवर शिजवत असे, आणि मी अक्षरे शिकले ती त्या ओल्या कागदांवरून. ‘उठा’ आणि ‘लुटारू’ हे शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता येत होते. मॅट्रिकनंतर पनवेलला मिठागर कामगारांच्या युनियनच्या कचेरीत मी लिहिण्याचे काम धरले. स्टेन्सिलच्या मेणकागदावर मजकूर कापायचा, प्रती काढायला सायक्लोस्टाईलचा दांडा फिरवायचा आणि कोपरापर्यंत शाई लावून घरी जायचे.

गावातल्या तळ्याच्या पलीकडे एक निवृत्त ख्रिस्ती मास्तर राहत. तरुणपणी ते ग्रीक शिकले होते. वीस वर्षे खपून त्यांनी बायबलातले लूकचे शुभवर्तमान मूळ ग्रीकवरून मराठीत आणले, आणि ते तपासायची वेळ आली तेव्हा काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. खिडकीचा उजेड तेवढा कळे. त्यांना वाचून दाखवणारे कुणीतरी हवे होते. मी गेले ती भक्तीने नव्हे. गरिबांच्या बाजूने बोलणाऱ्या एका सुताराला श्रीमंतांच्या भाषांतरकारांनी मऊ करून टाकले आहे अशी माझी खात्री होती. मूळ वाचायचे आणि ही चोरी पकडायची, हा माझा बेत. तो मी मास्तरांना पहिल्याच दिवशी सांगून टाकला.

“पकड की,” ते म्हणाले. “पण चोर पकडायला आधी अक्षरं यावी लागतात, पोरी. बस.”

अक्षरे आणि क्रियापदे घोकण्यात एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला. मग तपासणी सुरू झाली. मास्तरांची रीत अशी: मांडीवर चिंचोक्यांची वाटी, पुढ्यात पितळी ताट. मी ग्रीक वचन सावकाश वाचायचे. दर शब्दाला ते एक चिंचोका ताटात टाकत. मग मी त्यांच्या वहीतले मराठी वाचून कुठला शब्द कशासाठी आला ते सांगायचे. ग्रीक शब्द फिटला की चिंचोका परत वाटीत. वचन संपले आणि ताटात चिंचोका उरला, तर काहीतरी गळले.

“ताट रिकामं झालं पाहिजे,” ते हसून म्हणत. “जेवणाऱ्याचं आणि भाषांतरकाराचंही.”

पहिले चार अध्याय नमुना म्हणून मुंबईच्या एका छापखान्याला दाखवायचे होते. त्यांना पसंत पडले तर ते सगळे पुस्तक छापणार होते. मीच म्हणाले, कचेरीच्या सायक्लोस्टाईलवर चाळीस प्रती काढू. काही ओळखीच्या लोकांना देऊ, एक छापखान्याला.

त्याच उन्हाळ्यात खाडीकाठच्या मिठागरात संप झाला. मालकाचा मुकादम सकाळ-संध्याकाळ बांधावर उभा राहून समाधानावर प्रवचने झोडत होता. मी त्याच्याविरुद्ध आठवड्याला दोन पत्रके काढत होते. आणि एका दुपारी तिसऱ्या अध्यायाचे चौदावे वचन आले. नदीकाठी लोकांना बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला शिपाई विचारतात, आम्ही काय करावे? तो सांगतो, कोणाला धाक घालून लुबाडू नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका. आणि मग पाच ग्रीक शब्द. वहीत मास्तरांचे मराठी होते: ‘आणि आपल्या पगारात भागवा.’

हे मी स्वतःच्या हाताने स्टेन्सिलवर कापायचे? त्याची एक प्रत मुकादमाच्या हाती पडली तर तो ती बांधावर वाचून दाखवील, आणि खाली आमच्याच मशीनची शाई असेल. विचार करायला मला किती वेळ लागला असेल? एक श्वास. मी ‘खोटा आळ घेऊ नका’पाशी आवाज खाली आणला, वचन संपल्यासारखा, आणि थांबले.

मास्तरांनी पुढचा चिंचोका उचललेला होता. तो बोटांत तसाच राहिला. त्यांची मान किंचित माझ्याकडे वळली. मी त्या बोटांकडे बघत बसले.

“झालं?” त्यांनी विचारले.

“झालं.”

“बरं. मराठी वाच.”

मराठीही मी तेवढेच वाचले. ताट रिकामे झाले.

स्टेन्सिलवरही मी ते वाक्य घेतले नाही. त्या दिवसापासून मला भीती लागली. चाळीस प्रती निघाल्या, सव्वीस वाटल्या गेल्या. पनवेल, उरण, थेट चिरनेरपर्यंत. दारात पोस्टमन दिसला की मला वाटे, कुणीतरी जाणत्याने मास्तरांना लिहिले असेल, शेवटचे वाक्य कुठे गेले म्हणून. मास्तरही बदलले होते. मध्येच वाचन थांबवत, ओठ हलवत, आणि म्हणत, “काही नाही, वाच.” त्यांना कळले आहे, ते मला मुद्दाम ताटकळत ठेवत आहेत, असे वाटून मी आणखीच घाबरत असे. कचेरीत सोबतचा कार्यकर्ता चिडवे, “काय ग्रीक पंडिता, हल्ली पत्रकात धार दिसत नाही! देव पावला काय?” मला हसू येत नसे.

तिसऱ्या आठवड्यात मी मिठागरावर गेले. बंदोबस्ताला आणलेले शिपाई झोपड्यांतून हवे ते उचलतात अशी तक्रार होती, आणि मला पत्रकासाठी माहिती हवी होती. तिथे एका म्हातारीने हवालदाराची वाट अडवली होती. त्याच्या मागे एक शिपाई, हातात सुक्या बोंबलांची जुडी.

“काल माजी कोंबरी नेली, आज बोंबील. तुमाला सरकार पगार देतंय ना रं? मंग त्यान भागवा की! आमचे झोपरीन कशाला येताव?”

“म्हातारे, सगळे संपावर आहेत,” हवालदार म्हणाला. “तुझी कोंबडीपण संपावर गेली समज.”

“ती संपावं नाय गेली. तुजे पोटान गेली!”

बायका हसल्या. हवालदार हसला नाही. “जास्त बोललीस तर दगड मारलास म्हणून आत टाकीन,” तो म्हणाला, आणि माझ्या वहीकडे बघून, “आणि ही लिहितेय ना, हीपण होती म्हणून सांगीन.”

मी लिहायची थांबले. पण ते तुरुंगाच्या भीतीने नव्हते. लुबाडणे, खोटा आळ, पगारात भागवा: ते अख्खे वचन माझ्यासमोर भर उन्हात उभे होते. ते शब्द मिठागरावर राबणाऱ्यांना सांगितलेले नव्हतेच. ज्याच्या हातात दंडुका आहे त्याला सांगितले होते. मुकादमाच्या हाती पडेल म्हणून मी जे लपवले होते, ते या म्हातारीचे हत्यार होते. तिने ते कुठल्याही पुस्तकाशिवाय, स्वतःच्या तोंडाने उगारले. आणि मी, चोरी पकडायला निघालेली, तेच चोरून बसले होते.

शनिवारी मास्तरांचा पुतण्या उरणजवळच्या मोरा बंदरातून लाँचने मुंबईला जाणार होता, छापखान्याची प्रत घेऊन. शुक्रवारी दुपारी मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळे सांगितले. किती रागावतील याचीच मला भीती होती. ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला ते बघवेना.

“म्हणजे ते आहे तिथे,” ते म्हणाले. “पोरी, तीन आठवडे मी स्वतःला विचारतोय, ते वाक्य मी स्वप्नात वाचलं होतं का. डोळे गेले तेव्हा इतका घाबरलो नव्हतो. म्हटलं, आता डोकंही चाललं. तू वाचलंस ते खरं, मला आठवतंय ते खोटं, असंच धरलं मी.”

मी फक्त पाच शब्द गाळले असे समजत होते.

मग त्यांनी हळू आवाजात विचारले, “आणखी कुठे?”

“कुठेच नाही. शपथ.”

“असेल. पण हे मी कशावरून समजू?”

पुतण्या शनिवारी रिकाम्या हाताने गेला. ज्याची स्वतःला खात्री नाही ते छापायला पाठवणार नाही, असे मास्तरांनी छापखान्याला कळवले. मला त्यांनी घालवून दिले नाही. पण पहिल्या वचनापासून सगळे पुन्हा सुरू झाले. आता दर वचन मी दोनदा वाचते, आणि रविवारी उरणचे ग्रीक येणारे एक दुसरे वाचक येऊन माझे वाचन ताडून पाहतात. आम्ही सतराव्या अध्यायात आहोत. मास्तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. शेवटच्या, चोविसाव्या अध्यायापर्यंत ते पुरतील ना, ही भीती मी रोज त्यांच्या दारात घेऊन जाते.

दिलेल्या सव्वीस प्रतींपैकी सतरा मी घरोघर फिरून दुरुस्त केल्या. नऊ सापडत नाहीत. हातोहात गेल्या असतील. त्यांच्यावर नाव मास्तरांचे आहे आणि खोट माझी. तुमच्या घरात निळ्या शाईच्या सायक्लोस्टाईलवर काढलेले, दोऱ्याने शिवलेले लूकचे चार अध्याय असतील, तर कृपा करून तिसरा अध्याय उघडा. चौदावे वचन ‘खोटा आळ घेऊ नका’पाशी संपते. तिथला पूर्णविराम खोडा आणि पुढे आपल्या हाताने, पेनने, लिहा: ‘आणि आपल्या पगारात भागवा.’ ती प्रत पुढे कुणाला दिली असेल, तर त्यांच्याकडे जा आणि तिथेही लिहा.