अक्कांचं मनगट

चिकपेटेतल्या त्या अत्तरवाल्याचा मला अजून राग येतो. नव्वदच्या दशकातला डिसेंबर, बोचरी थंडी. जे. पी. नगरहून दोन बस बदलून मी बायकोसाठी अत्तर घ्यायला गेलो होतो. त्यानं काचेच्या काडीनं माझ्या एका मनगटावर ऊद लावला, दुसऱ्यावर गुलाब. दोन्ही दाट, गोड.

"गुलाबच द्या, बायकोसाठी दर थंडीत तोच नेतो," मी म्हणालो.

त्यानं शांतपणे बाटलीला बूच लावलं. "अण्णा, अत्तर अंगागणिक बदलतं. अक्कांना घेऊन या."

गिऱ्हाइकाला परत पाठवतो म्हणजे काय! तणतणत घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती माझं उदाचं मनगट हुंगत राहिली.

"गुलाबानं माझं डोकं उठतं," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली."