वयाचा रकाना

आनंद मेश्राम माझा भागीदार. सदाशिव पेठेतल्या एका खोलीत आम्ही दोघं दुकानांना, दवाखान्यांना कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम करून देतो. मी गिऱ्हाइकांशी बोलतो आणि तो काम करतो, म्हणजे वाटणी अगदी न्याय्य आहे.

त्याचा एकच हट्ट: आकड्याच्या रकान्यात वेडंवाकडं काही जाता कामा नये. अक्षर दाबलं की रकाना लाल. एका ट्रस्टच्या शववाहिका सेवेला प्रोग्रॅम दिला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की खिडकीवरची माणसं वयाच्या जागी सरळ शून्य दाबून पुढे जातात. भिडस्त माणसं ती; रडणाऱ्याला गेलेल्याचं वय कसं विचारायचं? आनंदने शून्यच बंद केलं. पूर्ण वर्षांचा आकडा, एकपासून पुढे.

"आता झक मारत विचारतील," तो म्हणाला. मीही हसलो.

गेल्या वर्षी त्याच्या बायकोला, दीपमालाला, मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच झाली. दोन दिवस काचेच्या पेटीत होती, मग गेली. दीपमाला अजून दवाखान्यातच होती, म्हणून त्याच शववाहिकेच्या खिडकीवर आनंदबरोबर मी गेलो.

आत शंभूराव बसले होते. आमच्या चांगल्या ओळखीचे. त्यांनी मान खाली घालून विचारलं, "वय?"

"दोन दिवस."

शंभूरावांनी एक दाबला.

"एक काय? शून्य टाका," आनंद म्हणाला.

"घेत नाही, साहेब. सगळ्याच तान्ह्या बाळांना आम्ही एक टाकतो."

"मला कधी सांगितलं नाहीत?"

"म्हटलं, तुम्ही विचार करूनच केलं असेल."

मला वाटलं, आता हा चिडणार. पण आनंद खिडकीची कड धरून रडला. मला आमच्या हुशारीचा संताप आला.

पुढच्याच आठवड्यात त्याने रकाना दुरुस्त केला. आता तो वर्षं, महिने, दिवस सगळं घेतो, शून्यही घेतो. तपासणीसाठी जुन्या नोंदी त्याने विश्रांतवाडीला घरच्या मशीनवर घेतल्या होत्या. मी तिथेच बसलो होतो. मुलीची नोंद उघडून त्याने दीपमालाला हळूच विचारलं, "दोन दिवस करू ना? खरं ते."

तिने पडद्यावरच्या त्या एकावर बोट ठेवलं.

"नको," म्हणाली. "तेवढ्या एका ठिकाणी तरी ती वर्षाची झालीय. राहू दे."