निळ्या तुऱ्यांचा चारा

ताई, माझी थोरली बहीण, डोंगरमाथ्यावरच्या गवतात मेंढ्या पाळायची. बोलणं कमी, हात जड. दाजींचं उलटं. तोंड सतत चालू, आणि त्या वर्षी हातात कुऱ्हाडही आली.

मेंढ्या थरथरू लागल्या होत्या. भिंतीला डोकं लावून रेटायच्या, मग पाय झाडत मरायच्या. शेजारी एक मधमाश्या पाळणारा राहायचा. आमच्या कळपाने त्याची पेटी उलथवली, तेव्हा "एकेकीला बघून घेतो" असं तो बोलून गेला होता. दाजींना तेवढं पुरलं. विष त्यानेच घातलं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मी पोचलो तेव्हा मधवाला स्वतःच्या अंगणात उताणा पडला होता, तोंड रक्ताने भरलेलं. दाजींनी त्याच्या छातीवर गुडघा रोवून कुऱ्हाड उगारली होती. ताईने मागून येऊन दाजींच्या मनगटावर फावडं घातलं. हाड कडकन मोडलं.

"नवऱ्यावर हात टाकतेस?" दाजी कळवळले.

"हात कुठे, फावडं टाकलं. आधी मेंढीला विचारू, मग माणसं मारा."

नुकतीच मेलेली मेंढी तिने फरफटत आणली, पोट उभं चिरलं आणि कोपरापर्यंत हात घातला. चोथ्यात केसाळ शेंगा निघाल्या, ठिपक्याठिपक्यांचे दाणे निघाले. मग उतारावरून तिने निळ्या तुऱ्यांचं एक झुडूप उपटून आणलं. पानं बोटं पसरलेल्या पंजासारखी, आणि शेंगा त्याच.

"हे आपल्या डोंगरावरचं नव्हे," ती म्हणाली.

मधवाला रक्त थुंकला. "बी मी बाहेरून आणलं, वहिनी. माश्यांसाठी पेरलं, ते पसरत गेलं. विषारी असेल हे ठाऊक नव्हतं."

दाजींचा डावा हात कुऱ्हाडीकडे सरकला. ताईने तिच्यावर पाय ठेवला.

"आणि कापून मेंढ्यांपुढे कुणी टाकलं?"

दाजींनी हात मागे घेतला. ज्याला शेंग धरते ते जनावराला मानवतं, अशी आमच्याकडे पक्की समजूत. फुकटचा चारा म्हणून भारेच्या भारे त्यांनीच आणले होते.

पुढे त्या उतारावरची झुडपं दाजी आणि मधवाला दोघांनी मिळून उपटली, एकमेकांशी न बोलता. हात गळ्यात बांधलेले दाजी एकदा कुरकुरले, "एका हाताने होत नाही."

ताईने मान वर केली नाही. "हातावर निभावलं. नाहीतर मान फासात गेली असती. उपटा."