दुपारनंतरचा घास

आधीच माफी मागतो. लिहिणं हे शिकलेल्या घरच्या माणसांचं काम, असं मला अजूनही वाटतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हैदराबादेत राहून माझं मराठीही आता धड राहिलेलं नाही. दुकानात ‘नक्को’ म्हणतो आणि वर्गात इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसतो. शिवाय मी लिहिणार आहे ते आईच्या पोटाबद्दल, आणि तिला ते आवडणार नाही. तरी गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनीही हे वाचावं. आमची झाली ती चूक तुमच्याही घरात चालू असेल.

मी निघालो त्या दिवशी पौर्णिमा होती. देगलूरच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली होती. बाबा गवंडीकाम करतात. त्या दिवशी खाडा करून ते आले होते आणि माझी बॅग नीट बसली का ते दोनदा पाहून गेले. आईनं पहाटे उठून धपाटे केले होते. रेखानं, माझ्या धाकट्या बहिणीनं, एक तुकडा तिच्यापुढं धरला.

“दुपार झाली की गं,” आई म्हणाली.

पौर्णिमेला आई विहारात अष्टशील, म्हणजे त्या दिवसापुरते आठ नियम, घ्यायची. त्यात दुपारनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न घ्यायचं नसतं. सोबत आलेली शेजारीण कौतुकानं म्हणाली, “लेकरू परगावी चाललं तरी सुमनबाईचं शील ढळत नाही बघा.” आई हसली. मग बरगड्यांच्या खाली तळहात दाबून तिनं लांब ढेकर दिली. गाडी हलेपर्यंत तो हात तिथंच होता. तेव्हा मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

हैदराबादेत मी मामाकडं, चिक्कडपल्लीत राहतो. मामा सिकंदराबादला रेल्वेत आहे. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत माझी पुस्तकं आणि अंथरूण. इथं सकाळी इडली, दुपारी भात, रात्रीही भात. पहिल्या वर्षी मी भाकरीसाठी झुरलो, मग ती सवयही मोडली. गाव माझ्यासाठी फोनमध्ये राहू लागलं.

त्या फोनवरून आईचं शील वाढत गेलेलं कळायचं. पौर्णिमेला अमावस्या जोडली गेली, मग अष्टमी. पुढच्या पावसाळ्यातल्या वर्षावासात तर तिनं तिन्ही महिने दुपारनंतर काही खाल्लं नाही. विहारातल्या बाया आपल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात निंदणाऱ्या माझ्या आईला आता विहारात पुढं बसवत.

तिला साखरेचा आजार मी लहान असल्यापासून आहे. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. तालुक्याच्या डॉक्टरांनी ते चुकवू नका म्हणून बजावलं होतं आणि ती चुकवत नव्हती. संध्याकाळी सुई घ्यायची आणि तशीच उपाशी झोपायची. तरी तिला चक्कर येत नव्हती. ह्याला सगळे शीलाचं बळ म्हणू लागले. दोन घासांत पोट भरणं, फुगणं, मळमळणं ह्याला घरात एकच नाव होतं, पित्त. त्यावर ओवा आणि सोडा.

व्हिडिओ कॉलवर तिच्या गालांची हाडं दिसायला लागली. “बारीक झालीस,” मी म्हणालो.

“उपासानं अंग हलकं होतं रे बाबू.”

मागच्या हिवाळ्यात ती मला भेटायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मोरीत उलटी झाली. पाणी घेऊन गेलेली मामी तिथंच थबकली.

“वन्सं, ही तर काल दुपारची शेपू हाय. जशीच्या तशी.”

“पित्त आहे गं.”

“पित्त-बित्त नक्को बोलू मला. कायकू लपवताय? पोरगा घाबरेल म्हणून लपवलं तर काय पोटाचं दुखणं जातं का?”

मामीची जन्मापासूनची हैदराबादी जीभ. आईला ती टोचायची, पण त्या दिवशी आई निमूट दवाखान्यात आली. आधी घशातून दुर्बीण घातली. रात्रभर उपाशी असूनही पोटात अन्न पडून होतं. मग दुसऱ्या एका दिवशी औषध मिसळलेली इडली खायला दिली आणि ती पोटातून किती सरकते ते यंत्रावर पाहत राहिले. ती सरकतच नव्हती.

डॉक्टर तेलुगू वळणाच्या हिंदीत सांगत होते आणि मी आईला मराठीत. इतक्या वर्षांच्या साखरेनं पोटाच्या नसा दुखावल्या आहेत. पोट अन्न पुढं ढकलत नाही. दुपारचं जेवण रात्री हळूहळू उतरतं, म्हणून संध्याकाळची सुई आजवर निभावली. पण एखाद्या दिवशी ते उतरणार नाही, आणि सुई तर रक्तातली साखर उतरवत राहणारच. मऊ, पातळ, थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा खायचं. संध्याकाळी तर खायचंच, आणि सुई खाल्ल्यावर घ्यायची.

तिला गाडीत बसवायला गौलीगुड्याच्या स्टँडवर गेलो. खिडकीतून ती म्हणाली, “म्हणजे माझी भूकच मेली होती म्हण की.” आणि पिशवी मांडीवर ओढत, “मग इतके दिवस मी काय पाळलं रे बाबू?”

गाडी सुटली.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी फोन करतो. “पेज घेतली का?” “घेतली की.” मग रेखा हळूच सांगायची, “दादा, वाटी घेऊन परसात जाते. कुणी बघू नये म्हणून दार लावून घेते. कधी घेते, कधी कोंबड्यांना घालते.” उन्हाळ्यात एका संध्याकाळी आई घामानं थबथबली आणि मला हाक मारू लागली, मी तिथं नसताना. रेखानं साखर चारली, पण साखरही पोटातच अडकते. तालुक्याला नेऊन सलाइन लावली तेव्हा ती शुद्धीवर आली. तरी घरी आल्यावर तिनं विचारलं, “विहारात कुणाला कळलं नाही ना?”

पूर्वी घर म्हटलं की मला चुलीचा धूर, बाबांच्या सिमेंट लागलेल्या चपला आठवायच्या. आता घर म्हणजे संध्याकाळी वाजत राहणारी रिंग. ती उचलली जाईपर्यंत मला ना वाचता येतं ना जेवता येतं. मामी ताट झाकून ठेवते.

परवा आषाढी पौर्णिमा होती, वर्षावासाचा पहिला दिवस. संध्याकाळी कुणी फोन उचलला नाही. बाबांनीही नाही. मी खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून खोलीत करत होतो. मामा म्हणाला, “गावाला निघायचं का?” मी चपला घातल्या, तेवढ्यात रेखाचा फोन आला.

“दादा, विहारात होतो सगळे. फोन घरीच राहिले.” ती धापा टाकत होती. “भन्ते बायांना अष्टशील देणार होते. आई पुढंच बसली होती. उठली आणि म्हणाली, भन्ते, मला आठ नको, पाचच शीलं द्या. माझं पोट चालत नाही, मला रात्री खावं लागतं.”

“मग?”

“मागून कुणीतरी म्हणालं, हैदराबादची हवा लागली. भन्ते म्हणाले, पाच पाळणंसुद्धा सोपं नाही बाई, बसा. घरी येऊन तिनं पेज घेतली, दार उघडं ठेवून. मग सुई घेतली. आणि दादा, सगळी पेज उलटून पडली.”

सुई घेऊन झाली होती आणि पोटात काहीच राहिलं नव्हतं.

“भिंतीला टेकून बसली होती,” रेखा म्हणाली. “मग म्हणाली, आण परत. बाबा चमच्यानं देतायत. आत्ता घेतेय.”