धाकट्या जावेचे आठवडे

भोकरदनला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी शाळा सुटल्यावर मुलांचा वर्ग घेते. मुलगा शिकायला संभाजीनगरला गेला आणि संध्याकाळी घर फार शांत वाटायला लागलं, तेव्हा गल्लीतल्या एक-दोघींनी आपली मुलं माझ्याकडे बसवली. माझं डी.एड. झालेलं होतं, नोकरी मात्र कधी लागली नाही. मुलं यायची, हातपाय धुऊन सतरंजीवर बसायची. मी गृहपाठ करून घ्यायची, पाढे म्हणून घ्यायची आणि निघताना हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायची. हळूहळू खोली भरली. गल्लीतून जाताना कुठून तरी ‘काकू’ अशी हाक यायची आणि मला वाटायचं, नोकरी नाही मिळाली तरी आपलं काही अडलं नाही.

मग धाकट्या दिरांची बदली भोकरदनला झाली आणि ते दोघं आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. माझी धाकटी जाऊ जुन्या जालन्यातली, कापड दुकानांच्या गल्लीत वाढलेली. लग्नाआधी तिने दोन वर्षं बालवाडीत शिकवलं होतं. आल्यावर आठवडाभर ती संध्याकाळी जिन्यात उभी राहून माझा वर्ग बघायची. एक दिवस म्हणाली, “ताई, मी बसू का तुमच्यात? वर एकटीला करमत न्हाई.”

मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारणच नव्हतं.

पुढच्या वेळी ती माहेराहून मोठी पिशवी भरून कापडाचे तुकडे घेऊन आली. मुलांना म्हणाली, हा आपला कापडाचा आठवडा. सोमवारी डोळे बांधून कापड हाताने ओळखायचं. मंगळवारी कोणतं कापड पाणी पितं आणि कोणतं पीत नाही ते बादलीत बुडवून बघायचं. नंतर तुकडे कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि आपलं घर करायचं. गृहपाठ आधी उरकायचा, एवढीच तिची अट. जी मुलं माझ्याकडे तासभर पेन्सिलीला टोक करत बसायची, त्यांचा गृहपाठ आता झरझर व्हायला लागला. मी वह्या तपासून वर बघायच्या आत सगळी तिच्याभोवती गोळा झालेली असायची.

वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील मेंढ्या घेऊन वर्षातले बरेच महिने फिरत असायचे आणि ही शाळेसाठी मावशीकडे राहायची. माझ्याकडे येऊन तिला वर्ष होत आलं होतं, पण ती बोलत नसे. विचारलं तर मान हलवायची. मी तिला जवळ बसवायची, तिची वेणी घालून द्यायची, बाकीच्यांपेक्षा दोन शेंगदाणे जास्त द्यायची. तिचं पहिलं वाक्य माझ्याशी असेल, असं मी मनात धरून बसले होते.

डोळे बांधायच्या खेळात जावेने घोंगडीचा एक तुकडा ठेवला होता. हात लावला की मुलं ‘टोचतंय, टोचतंय’ करत मागे घ्यायची. त्या मुलीची पाळी आली. तिने तुकडा दोन्ही हातांनी धरला, गालाला लावला आणि अगदी स्पष्ट म्हणाली, “पावसात न्हाई टोचत.”

जाऊ तिच्यासमोर खाली बसली आणि विचारायला लागली, पावसात कसं असतं, कोण पांघरतं, रात्री कुठे झोपता. ती सांगायला लागली. बाहेर पाऊस आणि आत मेंढीचं पिल्लू घेऊन झोपायचं, असं काहीतरी सांगत होती. मला नीट ऐकू आलं नाही, कारण मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्यापाशी उभी राहून उगीचच डबे पुसले. वर्षभर मी तिच्या वेण्या घातल्या होत्या, आणि हिने एक चिंधी पुढे केली!

त्या आठवड्यापासून मुलं जावेला छोट्या काकू म्हणायला लागली. त्यामुळे मी आपोआप मोठ्या काकू झाले. एवढी वर्षं मी नुसती काकू होते.

मीही एक आठवडा घेते, असं मी जाहीर केलं. आमचं शेत धावड्याला आहे. तिथून सरकी, सोयाबीन, मका, तूर, ज्वारी असं सगळं बी मागवून घेतलं आणि बियांचा आठवडा ठरवला. मी मुलांना ओळीने बसवलं, एकेक बी दाखवलं, नाव लिहून घेतलं, कधी पेरतात ते लिहून घेतलं. मुलांनी सगळं बराबर लिहिलं. कुणी दंगा केला नाही आणि कुणी काही विचारलंही नाही. बुधवारी एका मुलाने फार नम्रपणे विचारलं, “मोठ्या काकू, छोट्या काकूंचा आठवडा कधी सुरू होणार?”

जाऊ दारात उभी होती. तिने ते ऐकलं. मला वाईट वाटू नये म्हणून ती पुढे आली आणि म्हणाली, ताई, याच बियांचा आपण मोंढा भरवू या का? पाच मिनिटांत खोलीत आडते झाले, हमाल झाले, लिलाव सुरू झाला. मका विकणारा सोयाबीनवाल्याशी भांडायला लागला. मी लिहून घेतलेली सगळी नावं मुलं ओरडून ओरडून वापरत होती. बियाणं माझं, शेत माझं आणि आठवडा तिचा झाला. संध्याकाळी ती म्हणाली, “ताई, तुमच्या बियांमुळं लय मजा आली.” ती मनापासून बोलत होती. त्याचाच मला जास्त राग आला.

यांच्याजवळ मी एकदा बोलून बघितलं. हे म्हणाले, बरं आहे की, तुला तेवढाच आराम. त्यानंतर मी कुणाजवळ बोलले नाही.

मग तिने प्राण्यांचा आठवडा घेतला. कागदी ताटल्यांचे मुखवटे केले. प्रत्येकाने एक प्राणी व्हायचं होतं. कुणी वाघ झालं, कुणी माकड. त्या मुलीला जाऊ कौतुकाने म्हणाली, तुला तर मेंढ्यांचं सगळं माहीत आहे, तू मेंढी हो. मुलीने मुखवटा घातला आणि मागून एक पोरगा बें बें करायला लागला. मग दुसरा, मग सगळीच. जावेने त्यांना लगेच गप्प केलं, पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या रस्त्यावरही तेच झालं म्हणे. मुलगी यायची बंद झाली.

जाऊ जिन्यात बसून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, समजूत घातली, पाणी आणून दिलं. आणि आतून मला हलकं वाटत होतं. हिचंही काही चुकू शकतं, हे कळल्याचं ते हलकेपण होतं.

मुलीला आणायला मात्र मीच जायचं ठरवलं. जाऊ येते म्हणाली, तर मी तिला म्हटलं, तू घरी थांब. मुलीची मावशी मोंढ्यात धान्य निवडायला जाते, मोंढ्यामागच्याच वस्तीत राहते. मी गेले तेव्हा ती नुकती कामावरून आली होती. तिने मला बसायला पोतं अंथरलं. म्हणाली, कोण काय बोललं ते सांगत न्हाई, दप्तराला हात लावत न्हाई. मुलगी आतल्या भिंतीला टेकून उभी होती. मी तिला जवळ बोलावलं, नेहमीसारखे तिचे केस सारखे केले आणि म्हटलं, मी त्या पोरांना चांगलंच सुनावलं आहे, आता कुणी चिडवणार नाही. मग तिने विचारलं,

“छोट्या काकू रागावल्या का मह्यावर?”

आले होते मी, आणि ती विचारत होती दुसरीबद्दल. तरी मी म्हटलं,

“न्हाई गं. रोज तुझी वाट पाहून राह्यल्या त्या.”

हे ऐकल्यावर ती दप्तर घ्यायला आत गेली.

निघताना मावशीने सांगितलं की कापूस निघाल्यावर मुलीचे आईवडील मेंढ्या घेऊन इकडेच येतात. धावड्याच्या आमच्या रानातही दर साल खतासाठी मेंढ्या बसवतात. मला वाटेतच सुचलं, आणि या वेळी सुचलेलं मी जावेला लगेच सांगितलं नाही. काही दिवस मनातच धरून ठेवलं. मावशीकडून निरोप पाठवून त्यांचाच कळप आमच्या शेतात बसवायचा ठरवला, जीप सांगितली, मुलांच्या घरी विचारून घेतलं आणि मग म्हटलं, आपला पुढचा आठवडा मेंढ्यांचा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्या होत्या.

धावड्याला पोचलो तेव्हा कळप जाळीच्या कुंपणात बसवलेला होता. ती मुलगी जीपमधून उतरली आणि बदललीच. चपला काढून कळपात घुसली, मेंढ्यांना शिट्ट्या घालून हटवत पुढे गेली. वर्गात बें बें करणारी पोरं जाळीला धरून उभी होती, आत जायची त्यांची हिंमत होत नव्हती. ती एक पिल्लू छातीशी धरून बाहेर आली. मी पुढे झाले, हातही थोडा पुढे केला. ती माझ्या बाजूने सरळ जावेकडे गेली, पिल्लू तिच्या हातात दिलं आणि तिचा पदर धरून तिला कळपाकडे ओढत घेऊन गेली.

मी जाळीपाशी उभी राहिले. शेजारी त्या मुलीची आई होती. डोक्यावरून पदर, हातात चहाची किटली, आणि नजर त्या दोघींवर. दोन महिन्यांनी लेक भेटली होती. जीपमधून उतरताच मुलगी आईला मिठी मारून गेली होती, पण मिठी लगेच सुटली होती. आता ती जावेला प्रत्येक मेंढीचं नाव सांगत होती.

“लय बोलते त्यांच्यासंग,” ती बाई म्हणाली. “मह्यासंग एवढी बोलत न्हाई.”

तिने हे हसत म्हटलं, पण ते हसू मला माहीत होतं. गेले कितीतरी महिने मी वर्गात तेच हसू चेहऱ्यावर ठेवून बसत होते. मी तिच्या हातातली किटली घेतली आणि मुलीला हाक मारली. म्हटलं, ये इकडं, तू घोंगडीचं जे सांगितलंस ना वर्गात, ते मायला सांग. मुलगी लाजली. मग आली, आईच्या कमरेला बिलगली आणि सांगायला लागली की तिने डोळे बांधून कसं ओळखलं. आईने मान खाली करून ऐकलं. या वेळी मीही सगळं ऐकलं. पिल्लाला थंडी वाजू नये म्हणून आई त्याला घोंगडीत कसं गुंडाळते, हेच ती त्या दिवशी सांगत होती. मी स्वयंपाकघरात निघून गेल्यामुळे मला ते माहीत नव्हतं. जाऊ लांब पिल्लू घेऊन उभी होती. तिच्याकडे त्या वेळी कुणीच बघत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात दिरांची बदली जालन्याला झाली. जाण्याआधी जावेने राहिलेले पुठ्ठे, रंग, कात्र्या सगळं माझ्या खोलीत आणून ठेवलं. मुलं टेम्पोमागे कोपऱ्यापर्यंत पळाली. ती मुलगी दोन दिवस पुन्हा गप्प होती, तिसऱ्या दिवशी तिने आपणहून पाण्याचा ग्लास मागितला.

आता आठवडे मी घेते. पाण्याचा घेतला, वाऱ्याचा घेतला, भाकरीचा घेतला. जावेने जालन्यात स्वतःचा वर्ग काढला आहे आणि ती मला फोनवर फोटो पाठवते. तिथली खोली मोठी आहे, भिंतीवर फळा आहे, मुलं गणवेशात आहेत. मी फोटो बोटांनी मोठा करून कोपरे बघते. परवा तिने फोन केला आणि म्हणाली, “ताई, तुमचा भाकरीचा आठवडा इथं घेतला, पण पोरांना आवडलाच न्हाई. तुम्ही कसा केल्ता?”

मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं, मुलांना चुलीपाशी कसं न्यायचं, पीठ प्रत्येकाच्या हातात कसं द्यायचं, काही लपवलं नाही. फोन ठेवला आणि त्या संध्याकाळी मला जेवण फार गोड लागलं.