चहाला बोलावलेलं गिऱ्हाईक

आनंदीबाईंच्या हाती कुणी दोन मिनिटं सापडलं की त्याचं मूळ गाव, आईचं माहेर आणि थोरल्या बहिणीला दिलंय कुठं, हे सगळं बाहेर आलंच म्हणून समजा. माणूस एसटीची वाट बघत उभा असो की दवाखान्यात कण्हत पडलेला असो. बाईंचं माहेर शिवथरचं, सासर पोलादपूरचं, आणि या दोहोंच्या मधल्या झाडून सगळ्या गावांत त्यांचं कुणी ना कुणी लागत असे. जिथं लागत नसे तिथं त्या लावून घेत.

अशा बाईनं दुकान काढावं हीच मुळात चूक. पण काढलं खरं. हायवेला लागून नवऱ्याची, सयाजीरावांची, पत्र्याची एक शेड होती, पूर्वी तिच्यात खताच्या गोणी असत. तिथं बाईंनी नाचणीचे पापड, कुळथाचं पीठ, आमसुलं, मिरगुंडं आणि हातसडीचा तांदूळ मांडला. माल असा की कुणी बोट ठेवू नये. अडचण एकच होती. येणारं गिऱ्हाईक ओळखीचं निघे, आणि ओळखीच्या माणसाकडून पैसे घ्यायची बाईंना लाज वाटे. "ऱ्हाऊ दे रे, घरचंच हाय," म्हणत त्या पुडा बांधून देत, वर मूठभर जास्त घालत. दुकान चालत होतं जोरात, फक्त ते दुकान नव्हतं.

सयाजीराव मोजकं बोलणारे. त्यांनी ही समाजसेवा काही दिवस बघितली आणि एकदा जेवता जेवता सांगून टाकलं, "महाडचा सुनील जागा मागतोय. मोबाईलच्या रिचार्जचं दुकान टाकणार. गणपती झालं की देऊन टाकू."

"मग मी काय करू?"

"मुंबईला जा. ओंकारकडं ऱ्हा. बोलावतोय ना तो कधीचा."

ओंकार म्हणजे त्यांचा मुलगा. त्याची डोंबिवलीतली खोली बाईंनी बघितली होती. चांगली होती, वर पंखा, खाली लादी. पण तिथं शेजारच्या दाराला कायम कडी. चार दिवस राहून आल्या तेव्हा त्यांनी एकूण दोन माणसांना गाव विचारलं होतं, आणि त्यातल्या एकानं "का?" असं विचारलं होतं. हा "का" बाईंच्या मनात अजून सलत होता. तिकडं जन्म काढायचा या विचारानंच त्यांचा घास तोंडात फिरू लागला.

त्यांनी सुनेला मिस्ड कॉल दिला. फोनचे पैसे सुनेचे, ही घरातली पद्धत होती. समीक्षा एका ऑफिसात कामाला होती, दिवसभर कॉम्प्युटरपुढं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हिशेबी डोक्यानं निदान केलं. "आई, तुमचा प्रॉब्लेम काय आहे, तुमची सगळी गिऱ्हाइकं ओळखीची आहेत. आपल्याला अनोळखी माणसं पाहिजेत. मी ऑर्कुटवर टाकते तुम्हाला."

ते दोन हजार आठ साल. मुंबईतली आपली पोरं ऑफिसातून साहेबांची नजर चुकवून ऑर्कुट नावाच्या त्या इंटरनेटवरच्या चावडीवर बसत, एकमेकांना निरोप टाकत. महाड-पोलादपूरवाल्यांची तिथं वेगळी मंडळी जमलेली असे. समीक्षाचं म्हणणं असं की पैसा लागत नाही, छापील पत्रकं नकोत, भिंती रंगवायला नकोत. फक्त एक फोटो पाहिजे.

फोटोवरून पहिला घोळ झाला. आमसुलांच्या बरणीचा फोटो काढू द्यायला बाई तयार होईनात, दृष्ट लागते. स्वतःचा द्यायला लाजल्या. शेवटी दुकानापुढं सयाजीराव उभे राहिले, हात सरळ, नजर समोर, जणू तलाठ्यानं जबाबाला बोलावलंय. सुट्टीला आलेल्या ओंकारनं मोबाईलवर तो फोटो काढून नेला आणि खाली नाव पडलं: आनंदीकाकू, पोलादपूर. बघणाऱ्यांनी काकू कुठं दिसतात ते बराच वेळ शोधलं म्हणे.

मग रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत समीक्षाचा फोन येऊ लागला. कुणाकुणाला मैत्री करायची आहे त्यांची नावं ती वाचून दाखवी.

"आई, एक पूनम म्हणून आहे. घेऊ?"

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे? आहे कुणीतरी. आपल्याला काय करायचंय?"

"अशी कशी घेतेस गो? दारात माणूस आलं तर तू कोण, कुठलं विचारत नायस? विचार तिला, गाव कंचं, माहेर कंचं."

समीक्षानं कपाळाला हात लावला, पण विचारलं. पूनमचं उत्तर आलं, मूळ गाव कापडे, आजोळ वाकण. "वाकणची?" बाई फोनवर खुलल्या. "म्हंजे ठकूबाईच्या घरची आसंल. विचार, आज्जीचं गुडघं कसं हायत." आजीचे गुडघे खरोखरच दुखत होते. त्या मुलीला मुंबईत कुणी असं विचारलंच नव्हतं. तिनं लगेच दहा जणींना सांगितलं की इथं एक काकू आहेत, त्या आधी गाव विचारतात आणि मगच घेतात.

झालं, लोकांची रांग लागली. जाहिरातवाल्यांनी घसा कोरडा करून जे साधत नाही ते बाईंच्या चौकशांनी साधलं. कुणाला गुडघ्याला लावायचं तेल सांगितलं, कुणाच्या लग्नाचं कुठवर आलंय ते विचारलं. कुळथाच्या पिठाचं नाव मात्र कधी निघालं नाही. आणि प्रत्येक बोलण्याच्या शेवटी, जसं आपल्याकडं कुणीही म्हणतं, बाई म्हणत, "गणपतीला येशील तवा चहा घेऊन जा." समीक्षाला त्यात जाहिरात दिसली. तिनं ते वाक्य सगळ्यांना दिसेल असं वर टाकलं, सोबत दुकानाचा पत्ता.

अनोळखी गिऱ्हाईक गाठायला निघालेल्या सासू-सुनेनं सगळ्या अनोळखी माणसांना ओळखीचं करून ठेवलं होतं, आणि वर चहाला बोलावलं होतं. हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी. सकाळीच एक जीप थांबली. मागे गणपतीची मूर्ती कापडात गुंडाळलेली, पुढं पूनम. "काकू, आम्ही ऑर्कुटवाले." बाईंचं तोंड आनंदानं फुललं. चहा झाला. मागोमाग दुसरी गाडी, मग तिसरी. दुपारपर्यंत दुकानापुढं उभं राहायला जागा उरली नाही. सयाजीराव मागं स्टोव्ह पेटवून चहा गाळत होते, दूध संपलं म्हणून शेजाऱ्यांकडून आणत होते, आणि ओळख करून दिली की नुसती मान हलवत होते.

पूनमनं पिठाचा भाव विचारला. बाईंच्या तोंडून आकडा फुटेना. आपण होऊन चहाला बोलावलेल्या पोरीला भाव सांगायचा? "तुला काय भाव सांगू? ने गो. आईला दे." एकीला दिलं म्हणून दुसरीला दिलं. पिशव्या संपल्या तेव्हा घरातले स्टीलचे डबे निघाले. दिवेलागणीला शेवटची गाडी गेली. फळ्या रिकाम्या, गल्ला रिकामा, आणि घरात स्वयंपाकाला डबा नाही.

सयाजीरावांनी स्टोव्ह विझवला आणि कप विसळायला घेतले. रागावले असते तर बरं झालं असतं. बाई रिकाम्या फळीला टेकून बसल्या आणि त्यांना आपली खरोखर लाज वाटली. दुकान कुणी बुडवलं नव्हतं, त्यांनी स्वतः हसत हसत वाटून टाकलं होतं. समीक्षाला फोन लावून त्या म्हणाल्या, "बंद कर गो ते सगळं. माझ्यानं नाय व्हायचं." आणि ट्रंकेतून डोंबिवलीला न्यायची लुगडी वेगळी काढायला लागल्या.

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं, तशा मुंबईच्या गाड्या परत फिरल्या. पहिली थांबली ती पूनमचीच. तिच्या हातात बाईंचा डबा होता, आणि डबा जड होता. आपल्याकडं दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मुंबईत जन्मलेल्या पोरीही हे विसरल्या नव्हत्या, किंवा त्यांच्या आयांनी विसरू दिलं नव्हतं. पूनमच्या डब्यात वरीचे तांदूळ होते, शिवाय जीपमध्ये वेगळी गोणी. "आईनं दिलीय. म्हणाली, तुझ्या काकूंच्या दुकानात ठेवायला सांग, गावात कोण घेतंय." दुसऱ्या डब्यात तूप आलं, तिसऱ्यात मध, कुणाच्या आत्यानं केलेले फणसाचे पापड आले. गेलेल्या प्रत्येक डब्यामागं एक आई नाहीतर आत्या उभी होती, आणि तिच्याकडं विकायला काहीतरी होतं. फळ्या पूर्वी कधी भरल्या नव्हत्या तशा भरल्या.

एवढी माणसं एका शेडपुढं बघून रस्त्यावरच्या भलत्याच गाड्याही थांबायला लागल्या. त्यांतला एकजण तुपाचा भाव विचारू लागला. बाईंनी सवयीनं तोंड उघडलं, "तुमी कुठलं..." तेवढ्यात सयाजीराव मधे आले. "आत जा, चहाचं बघ," म्हणाले, आणि स्वतः गल्ल्यावर बसले. त्यांनी जन्मात कुणाला गाव विचारलं नव्हतं. ते भाव सांगत, पैसे घेत, सुट्टे देत, आणि माणूस कुठला, कुणाचा याची त्यांना तिळमात्र उत्सुकता नसे. इतका उत्तम दुकानदार आपल्याच घरात बसून होता, हे बाईंना संसार अर्धा उरकल्यावर कळलं.

अनंत चतुर्दशी झाल्यावर सुनील आला. मोटारसायकल लावून त्यानं हक्कानं शेडची लांबीरुंदी डोळ्यांनी मोजली. बाई आत आधणात साखर घालत होत्या, हात तसाच राहिला. लुगडी अजून ट्रंकेवरच होती.

"काका, चावी न्यायला आलो."

सयाजीराव गल्ल्यावरून उठले नाहीत. "जागा रिकामी नाय रे. पाहुणं हायत."

सुनीलनं आत डोकावून बघितलं. बाईंखेरीज कुणी नव्हतं. "कधी जाणार पाहुणे?"

"ते कसं सांगणार? तिनं बोलावलेत. ती हितं हाय तवर येत ऱ्हाणार." गल्ल्यातले सुट्टे लावता लावता त्यांनी पुढं जोडलं, "आन् ती कुठं जात नाय."

लग्न होऊन आल्यापासून या माणसानं चारचौघांत बायकोची बाजू घेतलेली बाईंनी ऐकली नव्हती. डोळे भरून आले ते त्यांनी पदरानं पुसले. मग गाळलेला चहा घेऊन त्या बाहेर आल्या, कप सुनीलच्या हातात दिला आणि विचारलं, "तुझी आय महाडचीच काय रे, का बाहेरून आलेली?"

सयाजीरावांनी कपाळाला हात लावला.