गाठ धरते तोवर

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन धोतरं, एक टॉवेल आणि आमच्या कारखान्यात बनलेली, शेकायला वापरतात ती गरम पाण्याची रबरी पिशवी होती. पावसाळ्यात मालतीची कंबर धरते, म्हणून ती घेतली होती. मालती माझी बायको. वडील आजारी म्हणून ती श्रीवर्धनला गेली, ती तिथलीच झाली. गेल्या वर्षी वडील वारले. तोपर्यंत तिला तिथल्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती. आधी ‘परीक्षा झाल्या की येते’ असं तिनं कळवलं, मग ‘सुपारी उतरवली की येते’. परीक्षाही झाल्या आणि सुपारीही उतरली. तेव्हा म्हटलं, आता आपणच जाऊन समोरासमोर विचारावं, परत येणार आहेस की नाही.

नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती, पण पावसाळ्यात बंद असलेली श्रीवर्धनकडची आगबोट अजून सुरू व्हायची होती. त्यामुळे मला खुष्कीनं, म्हणजे निम्मं खुष्कीनं आणि निम्मं खाड्या ओलांडत जावं लागणार होतं. रबराच्या कारखान्यात तपासणी खात्यात काम करणाऱ्या माणसाला बोट लागते, हे मालतीला ठाऊक आहे. तुम्हांलाही सांगून टाकतो. रेवसपर्यंत मी डोळे मिटून बसलो होतो.

अलिबागहून पुढं एस.टी. नागाव, चौल करत वाड्यांमधून जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी इतक्या दाट की भर दुपारी गाडीत संध्याकाळ झाल्यासारखी वाटते. रेवदंड्याच्या खानावळीत तांदळाची भाकरी आणि बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) मिळालं. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, “घरी निगालाव का?” मी “हो” म्हणालो, आणि मग हात धुताना वाटलं की आपण खोटं बोललो. ज्या घरी निघालो होतो ते माझं नव्हतं, आणि परळच्या ज्या खोलीतून निघालो तिला घर म्हणावं असं तिथं कोणी उरलं नव्हतं.

रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरूड, आणि मुरूडहून राजपुरी. राजपुरीहून पलीकडे दिघीला जायला नाखव्याची होडी होती. पांडू नाखवा साठीचा असेल. होडीला एंजिन नवं बसवलेलं, आणि त्याचं कौतुक त्याच्या तोंडावरून ओसंडत होतं. “आता वाऱ्याची मिनतवारी न्हाय,” तो म्हणाला. समोर पाण्यात जंजिऱ्याचा किल्ला काळाभोर बसला होता. दिघीहून श्रीवर्धनची शेवटची एस.टी. गाठायची होती, म्हणून मी दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होतो.

अर्ध्या खाडीत आलो आणि एंजिनाजवळून कारंजं उडालं. सगळं पाणी माझ्या अंगावर. एंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत नेणारी रबरी नळी फुटली होती. नाखव्यानं एंजिन बंद करून नांगर टाकला आणि नळीकडे असं पाहिलं की जणू घरच्याच माणसानं दगा दिला.

मी नळीला हात लावला. ती उकडलेल्या केळ्यासारखी मऊ होऊन फुगली होती, आणि तिला मुशीच्या तेलाचा वास येत होता. मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क मासा. तिच्या काळजाचं तेल कोळी लोक होडीच्या लाकडाला चोपडतात, म्हणजे लाकूड कुजत नाही.

“नाखवा, हिला तेल लावलंत का?”

“व्हय. पुनवेला आख्ख्या होडीला लावलं. मग हिलाच काय सावत्र करायची?”

देवापुढं नारळ ठेवून, एकीला एक आणि दुसरीला दुसरं नको म्हणून, त्यानं मायेनं नळीलाही तेल पाजलं होतं. आणि रबराला तेलासारखा दुसरा वैरी नाही.

“तेलानं रबर फुगतं,” मी म्हणालो.

“का बरं? लाकूड न्हाय फुगत.”

बाकावर त्याचं अर्धवट विणलेलं जाळं पडलं होतं. मी ते मांडीवर घेतलं. “रबराच्या आत असेच लांबच लांब धागे असतात, डोळ्यांना न दिसणारे. झाडाच्या चिकाचं कच्चं रबर असतं ना, त्यात ते नुसते एकमेकांत गुंतलेले असतात. ओढले की सरकतात, आणि सरकले की तिथंच राहतात. म्हणून आम्ही गंधक घालून ते भट्टीत तापवतो. मग धाग्याधाग्यांत मधूनमधून गाठी पडतात. आता ओढलं तर ताणतं, पण गाठ सरकू देत नाही. सोडलं की परत येतं.”

“आन् लय गाठी मारल्या तं?”

मी खिशातला काळा कंगवा काढून दाखवला. “मग हा होतो. हेही रबरच. याला ताण म्हटलं तर मोडेल, पण ताणणार नाही.”

नाखवा हसला. “आनि त्याल?”

“तेल धाग्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना लांब लांब ढकलतं. गाठी आहेत म्हणून रबर विरघळत नाही. पण अंगात जोर राहत नाही.”

“मंजे गाठ हाय तवर जालं हाय,” तो म्हणाला, आणि लगेच, “पन आता करायचं काय?”

ओहोटी लागली होती. घड्याळ माझ्या छातीवर बसलं होतं. मी पिशवीतून ती शेकायची पिशवी काढली आणि नाखव्याच्या सुरीनं तिची एक पट्टी कापली, बरोबर माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत. मग नळीवरचं तेल पुसून, पट्टी होईल तितकी ताणून फाटलेल्या जागी गच्च गुंडाळली आणि वरून जाळ्याच्या सुतानं बांधली. एंजिन सुरू झालं. पट्टीतून थेंबसुद्धा गळला नाही. एस.टी.च्या पायरीवर मी अक्षरशः धावतच चढलो.

मालती वाडीच्या बेड्याशी (फाटकाशी) उभी होती. उन्हानं रापली होती, आणि कानाजवळचे केस पांढरे झाले होते. “प्रवास कसा झाला?” तिनं विचारलं. पाहुण्याला विचारतात तसं. पायांवर पाणी दिलं, चहा दिला. चहात साखर होती. मी बिनसाखरेचा चहा पितो, लग्नाच्या आधीपासून. कपभर चहा मी गोड मानून प्यायलो, पण मनात काहीतरी खचलं. रबर फार दिवस ताणून ठेवलं तर सोडल्यावरही ते मूळ लांबीला येत नाही, हे मी रोज तपासतो. माणसांचं तपासायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

मग मी कापलेली पिशवी तिच्यापुढं ठेवली. ती तिनं उलटसुलट करून पाहिली. “हे काय आणलंत? झबलं?” मी सगळी हकिकत सांगितली आणि ती हसली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते हसू ऐकायला मी किती आसुसलो होतो ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं हळदीच्या पानातल्या पातोळ्या केल्या. जेवणं झाल्यावर आम्ही पोफळीखाली बसलो आणि मी विचारलं.

“यंदा आमच्या शाळेतल्या मुली पहिल्यांदा अकरावीला, मॅट्रिकला बसतायत,” ती म्हणाली. “मी गेले तर त्यांचे वडील त्यांना दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. मला नाही जाता येत.”

“आणि त्यानंतर?”

तिनं हातातल्या सुपारीचं टरफल सोलून टाकलं. “त्यानंतरचं मला माहीत नाही हो. तुम्ही एवढ्या लांब आलात, खोटं कशाला सांगू?”

मला वाईट वाटलं. रागही आला, पण तो धरून ठेवायला जागा सापडेना. तू माझ्यावाचून राहू शकतेस, मला राहता येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण नुसतं म्हणालो, “बरं.”

निघायच्या सकाळी चहा आला. बिनसाखरेचा. तिनं कपाकडे पाहिलं नाही, मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

ती स्टँडपर्यंतच येणार होती; शाळा होती. गाडी आल्यावर म्हणाली, “दिघीपर्यंत येते, तिथून परत फिरेन.” दिघीला होडी लागली होती. “आता आलेच आहे तर राजपुरीला उतरवून येते तुम्हांला,” असं म्हणून ती माझ्याआधी होडीत चढली. शाळेचं नाव मी काढलं नाही. खाडीभर आम्ही शेजारी बसून होतो. त्या दिवशी मला बोट लागली नाही.

नाखव्यानं मुरूडहून नवी नळी आणून बसवली होती. “हिला त्याल न्हाय लावलं,” त्यानं आधी तेच सांगितलं. मग खिळ्याला टांगलेली आमची पट्टी काढून माझ्या हातात दिली. “तुमचं रबर. लय इमानी.”

मी ती कोपराशी धरून हातावर लावली. कापली तेव्हा मनगटाशी संपत होती. आता तळहातात येत होती.

“आली की परत,” मालती म्हणाली.

“वाढलीय. बघ.”

तिनं पट्टीचं टोक बोटांत धरून हलकेच ओढलं आणि सोडलं. “वाढू दे. तुटली नाही ना?”

राजपुरीला मी एकटाच उतरलो. होडी फिरली. मालती पाठमोरी न बसता माझ्याकडे तोंड करून बसली होती, आणि जंजिऱ्याच्या आड जाईपर्यंत तशीच बसलेली दिसत होती.

परत कामावर आलो. ताणून सोडल्यावर एवढी लांब राहिलेली पट्टी आमच्या तपासणीत नापास होते. तसे तुकडे टाकायला टेबलाखाली एक डबा ठेवलेला असतो. ही पट्टी मात्र मी खिशातच ठेवली आहे.